फिश अँड चिप्स खायला जाताय? आधी तेल विचारा, मग मासा

उन्हाळ्यात मुलाकडे-लेकीकडे ब्रिटनला आलेल्या आईवडिलांना एकदा तरी फिश अँड चिप्स, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले काप, खायला नेलं जातं. परत येताना गाडीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "काय ते फिकं आणि मऊ! आपल्या सुरमईची सर नाही." मी यॉर्कशरमध्ये राहते, आणि पाहुण्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता दारातून बाहेर पडायच्या आधीच सगळ्यांची शिकवणी घेते. मासा फिका असतो हे खरंच आहे, त्याला हळद-तिखट लावलेलंच नसतं. पण बाकीची निराशा आपण क्रम चुकवल्यामुळे होते.

एक गोष्ट समजली की पुढचं सगळं सोपं जातं. पिठाच्या कवचाच्या आत मासा स्वतःच्या वाफेवर शिजतो. कढईतून बाहेर आल्यावर तीच वाफ कवच मऊ करायला लागते. म्हणजे या ताटाचं खरं आयुष्य जेमतेम दहा मिनिटांचं. त्या दहा मिनिटांत चर्चा, वाटावाटी, फोटो, "मी हे खात नाही" असलं काही शिल्लक राहता कामा नये. ते सगळं आधी उरकायचं.

## १. निघण्यापूर्वी : तेल, वार आणि वेळ

तेल. हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या वर. उत्तर इंग्लंडमध्ये, त्यातही यॉर्कशरमध्ये, अनेक जुन्या वळणाची दुकानं 'बीफ ड्रिपिंग'मध्ये तळतात. ड्रिपिंग म्हणजे गोमांसाची वितळवून गाळलेली चरबी. त्यात फक्त मासा नाही, चिप्ससुद्धा तळतात. तिथल्या लोकांना त्याचा अभिमान असतो आणि बरेच जण पाटीवर तसं ठळक लिहितातही. पण लिहिलेलं नसलं म्हणजे ड्रिपिंग नाही, असं धरून चालू नका.

माझी माळकरी आत्या आली होती, तेव्हा आम्ही समुद्रकाठच्या एका गावात जेवायला गेलो. तिच्यासाठी मी "फक्त चिप्स" मागवल्या आणि निर्धास्त झाले. तिने पाच-सहा खाल्ल्या. "छान आहेत गं, आतून अगदी मऊ," असंही म्हणाली. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेलं. पाटी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ते दोन शब्द होते. सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून सांगितलं. तिने काटा ताटाच्या कडेला ठेवला, माळेला एकदा हात लावला आणि म्हणाली, "तुला तरी कुठे ठाऊक होतं?" मग तिने नुसता चहा घेतला. दुकानाची काही चूक नव्हती, त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. मी विचारलं नव्हतं.

तर, फोन करा आणि हा प्रश्न याच शब्दांत विचारा : "व्हॉट डू यू फ्राय इन?" कशात तळता, एवढंच. उत्तर 'ड्रिपिंग' आलं तर गोमांस न खाणाऱ्यांना तिथे नेऊ नका. 'व्हेजिटेबल ऑइल' किंवा 'पाम ऑइल' आलं तर मांसाहारी मंडळींचा प्रश्न मिटला. शाकाहारी माणूस बरोबर असेल तर दुसरा प्रश्न : "चिप्सची कढई वेगळी आहे का?" बऱ्याच ठिकाणी मासा, सॉसेज आणि चिप्स एकाच तेलात फिरत असतात.

> इथे चुकतं : "आर द चिप्स व्हेज?" असं विचारू नका. समोरचा बटाट्याकडे बघून प्रामाणिकपणे "यस" म्हणतो. चरबीचा विचार त्याच्या डोक्यात येतच नाही.

वार. घरातल्या कुणाचा सोमवार, गुरुवार, संकष्टी आहे का ते आपण बघतोच, पण दुकानाचाही वार बघा. रविवारी बंद असलेली दुकानं पुष्कळ आहेत, काही सोमवारीही बंद असतात. अनेक ठिकाणी दुपारी दोनच्या सुमाराला भट्टी बंद होते ती साडेचार-पाचला पुन्हा सुरू होते. तीन वाजता पोचलेल्या पाहुण्यांना बंद दार दाखवण्यात गंमत नाही. शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांत गर्दीची, आणि गुड फ्रायडेला तर रांग रस्त्यावर येते.

तरी अगदी ओस वेळ निवडू नका. दुकान रिकामं असलं की तळलेले तुकडे काउंटरवरच्या गरम काचपेटीत वाट बघत पडून राहतात. थोडी रांग असली की मासा कढईतून सरळ ताटात येतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बारा-साडेबारा किंवा संध्याकाळी पाच-साडेपाच, ही माझी वेळ.

दारावरचा आकडा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये स्वच्छतेचे ० ते ५ असे गुण देतात. हिरव्या-काळ्या रंगाचा तो कागद दारावर किंवा खिडकीत असतो. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. लावलेला नसेल तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर दुकानाचं नाव घालून बघता येतं.

## २. आत शिरताना : दार एक, व्यवस्था दोन

पुष्कळ दुकानांत एका बाजूला घरी न्यायचा काउंटर असतो आणि दुसऱ्या बाजूला बसायची जागा. ही दोन वेगळी खाती समजा. भाव वेगळे असतात, बसून खाल्लं तर जास्त, आणि त्यात बहुधा ब्रेड-बटर आणि चहा धरलेला असतो. काउंटरवरून स्वस्तात घेऊन आतल्या टेबलावर जाऊन बसणं चालत नाही. कुणी रागावणार नाही, पण उठायला सांगतील.

आत गेल्यावर "प्लीज वेट टू बी सीटेड" अशी पाटी असेल तर तिथेच थांबा. नसेल तर आधी टेबल धरायचं आणि काउंटरवर जाऊन टेबलाचा नंबर सांगून मागवायचं, अशी पद्धत असू शकते. विचारलेलं बरं. आणि काउंटरवरच्या मावशीबाईंनी "व्हॉट कॅन आय गेट यू, लव्ह?" म्हटलं तर सासरेबुवांनी दचकू नये. यॉर्कशरमध्ये सगळेच सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात. नॉटिंगहॅमकडे 'डक' म्हणतात, न्यूकासलकडे 'पेट'.

## ३. पाटी वाचणं

आपली मंडळी सगळ्यांत जास्त इथे गडबडतात. नावं ओळखीची वाटतात आणि निघतं भलतंच. म्हणून आपल्या बाजारातल्या भाषेत सांगते.

कॉड आणि हॅडॉक हे दोन मुख्य मासे. दोन्ही पांढरे, काटे काढलेले, उग्र वास नसलेले. कॉडच्या पाकळ्या जाड आणि रसदार असतात. हॅडॉक थोडा पातळ, जरा गोडसर, आणि मला विचाराल तर चवीला जास्त. यॉर्कशर आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉकचं राज्य, दक्षिणेत कॉडचं. पहिल्यांदा खाणाऱ्याने त्या भागातला नेहमीचा मासा घ्यावा, कारण तो सर्वांत जास्त खपतो आणि म्हणून ताजा तळलेला मिळतो. यॉर्कशरमध्ये कातडी बहुधा काढलेली असते, इतरत्र ती पिठाच्या आत सापडू शकते. नको असेल तर बाजूला काढा.

प्लेस हा चपटा मासा, आपल्या लेप्याचा भाऊबंद. मऊ आणि नाजूक. स्केट म्हणजे पाकटाच्या जातीचा. पंखाचा तुकडा येतो, काट्यांऐवजी मऊ कूर्चा असते, मांस धाग्याधाग्याने सुटतं. कोकणातल्या माणसाला तो बरोबर कळतो.

रॉक किंवा रॉक सॅमन लंडन आणि दक्षिणेकडे दिसतो. नावात सॅमन असला तरी सॅमनशी काही संबंध नाही. ही मुशी आहे, मालवणीत म्हणायचं तर मोरी. आमच्याकडचे मालवणी पाहुणे नाव ऐकून नाक मुरडतात आणि मोरी आहे म्हटलं की दोन मागवतात.

कॉड रो म्हणजे गाभोळी, पिठात बुडवून तळलेली. सगळीकडे नसते, दिसली तर सोडू नका.

स्कॅम्पी कोलंबीसारखी दिसते, पण ती लँगुस्टीन नावाच्या बारीक शेवंडाच्या जातीच्या प्राण्याची शेपटी असते, ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेली.

स्कॅलप वाचून शिंपला समजू नका. मिडलंड्स आणि उत्तरेकडच्या अशा दुकानात स्कॅलप म्हणजे बटाट्याची जाड चकती पिठात बुडवून तळलेली. चक्क बटाटा भजी, फक्त बेसन आणि ओवा नाही. भट्टीचं तेल चालणारं असेल तर शाकाहारी माणसासाठी यासारखं दुसरं काही नाही.

फिशकेक यॉर्कशरमध्ये म्हणजे बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये मासा घालून तळलेला. इतरत्र तो कुस्करलेल्या बटाट्याचा आणि माशाचा कटलेट असतो. सॅव्हलॉय (लालसर, मसाल्याचं सॉसेज) आणि बॅटर्ड सॉसेज (पिठात बुडवून तळलेलं) बहुधा डुकराच्या मांसाचे.

स्कॉटलंडमध्ये 'फिश सपर' मागितलं की चिप्स त्यात आल्याच. 'सपर' म्हणजे चिप्ससकट. नुसता मासा हवा असेल तर 'सिंगल फिश' म्हणा, नाहीतर चिप्स वेगळ्या मागवून दुप्पट बटाटे समोर येतात.

आता बाजूच्या वाट्या. मशी पीज हा सुकवलेल्या जाड वाटाण्याचा लगदा. आपल्या रगड्याचा बिनमसाल्याचा चुलतभाऊ. मीठ आणि व्हिनेगर घातल्याशिवाय त्याला न्याय देऊ नका. करी सॉस पिवळसर आणि गोडसर असतो. त्यात आमटी शोधू नका, चिप्स बुडवायला बरा आहे. ग्रेव्ही तपकिरी, आणि तिच्यात मांसाचा अंश असू शकतो, म्हणून शाकाहारींसाठी विचारून घ्या. टार्टर सॉसमध्ये अंडं असतं. पिठात बिअर घालतात अशीही दुकानं आहेत. ज्यांना ती चालत नाही त्यांनी तेही विचारावं.

> तपासणी : गव्हाची, अंड्याची, दुधाची, मोहरीची ॲलर्जी असेल तर मागवण्याआधीच सांगा. ॲलर्जी होऊ शकणाऱ्या ठरावीक १४ पदार्थांची माहिती देणं दुकानांना कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. पीठ गव्हाचं असतं. बिनग्लुटेनचं पीठ काही दुकानं ठरावीक वारीच करतात.

## ४. किती मागवायचं

कमी. जेवढं वाटतं त्याहून कमी.

चार माणसं म्हणजे चार 'रेग्युलर' हा हिशेब आपल्या थाळीचा. इथे एकेका रेग्युलरमध्ये चिप्सचा ढीग येतो. चार जणांना तीन मासे, दोन चिप्स, एक मशी पीज आणि एक करी सॉस पुरतो. कमी पडलं तर आणखी मागवता येतं, आणि दुसरा घाणा पहिल्याइतकाच गरम येतो. सगळं एकदम मागवलं तर शेवटच्या माणसाला गार ताट.

ज्येष्ठांसाठी 'स्मॉल' किंवा 'पेन्शनर्स स्पेशल' बघा. लहान मासा, थोड्या चिप्स, ब्रेड आणि चहा. दुपारी बहुधा स्वस्तही पडतं. कुणी वयाचा दाखला मागेल का, असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं. त्यांच्याकडे कुणी मागितला नाही, आणि ते जरा नाराज झाले.

## ५. मागवताना

काउंटरवर रांगेत उभं असताना प्रश्न भराभर येतात. उत्तरं तोंडात तयार ठेवा. "ईट इन ऑर टेक अवे?" याला एका शब्दात उत्तर द्या. मग मासा आणि आकार. मग "सॉल्ट अँड व्हिनेगर?" घरी न्यायचं असेल तर ते लोकच शिंपडतात आणि सढळ हाताने. व्हिनेगरची सवय नसेल तर "जस्ट अ लिटल" म्हणा, किंवा वेगळं मागा. एडिनबरोला हाच प्रश्न "सॉल्ट अँड सॉस?" असा येतो, तो सॉस म्हणजे पातळ केलेला आंबटगोड तपकिरी सॉस. शेवटचा प्रश्न "ओपन ऑर रॅप्ड?" लगेच खायचं असेल तर ओपन.

आणि एक गोष्ट आपल्या लोकांनी मागितलीच पाहिजे : स्क्रॅप्स. काही भागांत त्यांना 'बिट्स' म्हणतात. कढईत सुटलेले तळलेल्या पिठाचे कण. वडापावच्या गाडीवर जो चुरा मिळतो, तोच हा. बहुधा फुकट देतात, पण मागावा लागतो.

> इथे चुकतं : रांगेत आपला नंबर आल्यावर मागे वळून "आई, तू काय घेणार?" असं सुरू करू नका. घरून निघतानाच यादी फोनवर लिहून ठेवा.

## ६. ताट समोर आल्यावर

घड्याळ सुरू झालं. फोटो एकच.

1. काट्याने मासा मध्येच फोडा आणि वाफ बाहेर जाऊ द्या. आतला मासा भयंकर गरम असतो. घाईने पहिला घास घेणारे टाळू पोळून घेतात आणि मग पुढची चव लागत नाही.

2. मीठ आणि व्हिनेगर. कवचावर ओतू नका. कुरकुरीत पिठावर आंबट पाणी ओतलं की ते मिनिटभरात लोळागोळा होतं. फोडलेल्या फटीतून, आतल्या पांढऱ्या पाकळ्यांवर थोडं घाला. चिप्सवर आधी व्हिनेगर, मग मीठ. ओल्यावर मीठ चिकटतं. उलट केलं तर ते वाहून ताटाच्या तळाशी बसतं. इथले लोक यावर वाद घालतील, घालू द्या.

3. लिंबाची फोड असेल तर ती माशासाठी राखून ठेवा. कोकमाचं काम इथे लिंबू आणि व्हिनेगर करतात. तिखट नाही, मसाला नाही, म्हणून मीठ आणि आंबट नीट घेतलं नाही तर मासा खरंच फिका लागतो. "फिकं आहे" म्हणणाऱ्या पाहुण्यांच्या ताटात मी बघते, तर मिठाची बाटली हललेलीही नसते.

4. कवच आणि मासा एकाच घासात घ्या. बरेच जण कवच आधी सोलून खातात आणि मग उघडा मासा पुढ्यात उरतो. तो खरंच कंटाळवाणा लागतो.

5. ब्रेड-बटर बाजूला ठेवू नका. स्लाइसवर सहा-सात गरम चिप्स, वर थोडं मीठ-व्हिनेगर, आणि घडी. हा चिप बटी. बटाटा पावात घालून खाणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही.

काटे काढलेले असतात, पण एखादा बारीक राहू शकतो. लहान मुलांना देताना बोटांनी चाचपून द्या. आणि पर्समधली तिखटाची पुडी? बाहेर बाकावर बसला असाल तर खुशाल. आत बसला असाल तर आधी तीन घास तसेच खा, मग पुडी काढा. पाहुण्यांकडून एवढंच वचन मी घेते.

## ७. बाहेर किंवा घरी नेताना

झाकणाचा बंद डबा असेल तर गाडीत झाकण थोडं उघडं ठेवा. घट्ट बंद केलेल्या डब्यात वाफ कोंडते आणि पंधरा मिनिटांच्या रस्त्यात भज्यांची भाजी होते. कागदात गुंडाळलेलं असेल तर एक टोक सोडा. गाडीला दोन दिवस व्हिनेगरचा वास येईल, त्याला इलाज नाही.

समुद्रकाठी समुद्रपक्षी हे खरं संकट. व्हिटबी, स्कारबरोसारख्या गावांत हेरिंग गल मागून येतो आणि हातातला तुकडा घेऊन जातो. भिंतीला पाठ लावून बसा, डबा मांडीवर धरा, मुलांना मध्ये घ्या, आणि एक चिपही त्यांना टाकू नका. एकाला दिली की वीस येतात.

## ८. बिल

काउंटरवरून नेलं तर टीप द्यायची पद्धत नाही. टेबलावर वाढलं असेल तर आधी बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय का बघा. नसेल आणि वाढणं आवडलं असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास पुरे. छोट्या गावांतल्या काही दुकानांत अजून कार्ड चालत नाही, खिशात थोडे पाउंड असू द्या.

उरलं तर? चिप्स मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं. ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं, पसरून. मासा मात्र पुन्हा कुरकुरीत होत नाही, त्याच्या मागे लागू नका. वरचं पीठ सोलून टाका, मासा कुस्करून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कांदा, हिरवी मिरची, हळद आणि थोडं ओलं खोबरं घालून परता. आमच्याकडे त्याला मोरीचं सुकं म्हणूनच वाढतात, आणि आदल्या दिवशी "फिकं" म्हणणारेच दुसऱ्यांदा घेतात.